एनकची टाकी

डरवेंट नदीच्या काठी आमची पाणचक्की उभी राहण्याआधी वस्तीतली माणसं लोखंडी हातचक्कीवर गहू भरडून खायची. पाणचक्की बांधली माझ्या नवऱ्याने, ऑबेडने. पण तिच्या दगडांना टाकी लावायचा, म्हणजे छिन्नीने खाचा पाडून ते खरबरीत करायचा, तो एनक. शिक्षा भोगून सुटलेला, डावखुरा, अबोल. त्याचे घाव डावीकडे कललेले असत.

सप्टेंबरच्या पुरात एनक चाकाशी पडला आणि दिसेनासा झाला. प्रेतही मिळालं नाही. दुसरा टाकीवाला नदीच्या मुखाशी होबार्ट शहरात, तो येईना. दोन महिन्यांत दगड गुळगुळीत झाले, पीठ भरड पडायला लागलं, लोक तोंडावर बोलायला लागले.

रविवारी चक्की बंद असायची. अशाच एका रविवारनंतर सोमवारी पीठ एकदम मऊसूत पडलं. आम्ही कप्पी लावून वरचा दगड उचलला. ताजे घाव. सगळे डावीकडे कललेले. दगडाचा भुगासुद्धा कोणी झाडला नव्हता.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"दळण होतंय ना नीट?" ऑबेड म्हणाला. "मग गप्प बस की!"

मी भुगा झाडून टाकला. पुढचे चार सोमवार तसेच गेले.

मग एनकची बायको कझाया पीठ न्यायला आली. चिमूटभर पीठ बोटांत चोळलं आणि तिचा चेहराच उतरला.

"हे एनकच्या टाकीचं पीठ. चक्की थांबव. दगड उचल."

"अगं, वीस पोती पडलीत अजून..."

"उचल म्हणते ना, ऑबेड!"

उघड्या दगडावर तिने तळहात टेकला आणि आजाऱ्याशी बोलावं तशी बोलली, "एनक, पुरे रे आता. किती राबशील? शिक्षा संपली तुझी. कोणी कोंडलेलं नाही तुला."

खाली, थांबलेल्या चाकाच्या खड्ड्यात, टाकीचे दोन ठोके ऐकू आले. मग काहीच नाही.

ऑबेडने खड्ड्यातलं पाणी उपसलं. फळ्यांमागे एनक अडकला होता. इतके दिवस पाण्यात राहूनही त्याच्या भुवयांवर दगडाचा पांढरा भुगा होता. कोरडा.

त्याला टेकडीवर पुरलं. कझाया बहिणीकडे निघून गेली.

महिन्याभरात पीठ पुन्हा भरड पडलं. एका सकाळी ऑबेड कुठे दिसेना म्हणून शोधायला गेले, तर तो खड्ड्याच्या कडेला ओणवा होऊन हाका मारत होता, हळूच, लाडीगोडीने, "एनक? अरे एनक?"

दंड धरून मी त्याला मागे ओढलं. आणि त्याच दुपारी टाकीवाल्याला आणायला स्वतः होबार्टच्या होडीत बसले.