मोरचुदाचा दगड

“काकू, तेवढं जल्दी बघा. उद्या सकाळी फवारणी लावायची हाय,” म्हणत त्या दाढीवाल्या पोराने मोटारसायकलवरून पोत्यात गुंडाळलेला पंप उतरवला आणि दुकानाच्या उंबऱ्यात ठेवला.

“कुणाचा हाय?” द्वारकाबाईने विचारलं.

“हाय एकाचा,” पोरगा रस्त्याकडे बघत म्हणाला.

खोटं बोलायला पोरगा अगदीच कच्चा. द्वारकाबाईने पोतं बाजूला सारलं आणि तिचा हात तिथेच थांबला. पंपाच्या बैठकीला एक लोखंडी पट्टी जोडलेली होती. वेल्डिंगचा असा बारीक, एकसारखा टाका सगळ्या हसनाबादेत एकच माणूस घालायचा, तिचा नवरा भारत मिस्त्री. आणि अशी पट्टी त्याने एकाच पंपाला जोडली होती, रखमाजीच्या. आणि समोर उभा होता तो रखमाजीचा कल्याण, शिकायला म्हणून जालन्याला गेलेला, आता दाढी वाढवून परत आलेला. नाक-डोळे तर बापाचेच की! इतका वेळ ओळखलं कसं नाही म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

“बाबा म्हणाले, तिकडं नेऊ नको,” कल्याण खाली मान घालून म्हणाला. “पण भोकरदनचा मिस्त्री आठ दिवस लावून राह्यला. मंग काय करू मी?”

उचल तुझं धूड आणि चालता हो, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

“ठिव. संध्याकाळी घेऊन जा,” ती म्हणाली.

फवारणीच्या या पंपाला डोक्यावर एक पितळी गोळा असतो. त्यात खालून पाणी शिरतं आणि वर हवा कोंडलेली राहते. दट्ट्या पाणी ढकलतो ते धक्क्याधक्क्याने, ते धक्के गोळ्यातली हवा पोटात घेते, म्हणून पाइपातून धार एकसारखी जाते. पण ही हवा कायमची टिकत नाही. पाणी तिला हळूहळू खाऊन टाकतं, गोळा गच्च भरतो, आणि मग एकेक धक्का सरळ पाइपाला बसायला लागतो. पाइप मातीत उड्या मारतो, दाबाचा काटा थरथरतो, आणि कुठेतरी रबर दगा देतं. त्यावर औषध सोपं. इंजिनाला दोरी लावायच्या आधी गोळ्याखालचा नट उघडायचा, पाणी जाऊ द्यायचं, हवा आत घ्यायची आणि नट परत बसवायचा. चहा उकळायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो! पण लोक कुठले करतात. भारत मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगायचा, इतक्यांदा सांगायचा की लोक चेष्टा करायचे, “मिस्त्री, झाली का गोळ्याची पोथी वाचून?”

रखमाजीलाही त्याने सांगितलं होतं. पंपापाशी बसवून, हातात पाना देऊन सांगितलं होतं. द्वारकाबाई तेव्हा तिथेच वायसर निवडत बसली होती, तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. रखमाजीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पंप घेऊन गेला. पुढे एका सकाळी त्याच्या मोसंबीत पाइप फुटला आणि चुना-मोरचुदाच्या निळ्या औषधाची सणसणीत धार त्याच्या उजव्या डोळ्यात गेली. डोळा गेला.

डोळा गेला हे वाईटच झालं, द्वारकाबाईलाही तेव्हा वाईट वाटलं होतं. पण बाजाराच्या दिवशी डोळ्यावर पट्टी बांधून तो दुकानापुढे आला, भारतला त्याने बाहेर बोलावलं आणि भर बाजारात पायातली चप्पल काढून हाणली. “ह्यानं माझा डोळा घेतला! ह्याच्या हातचं काम म्हंजी मौत हाय!”

“मालक, नट उघडला होता का?” भारतने एवढंच विचारलं.

“कसला नट? नटाचं मला कुणी सांगितलंच न्हाई!” असं म्हणून रखमाजीने आणखी एक चप्पल हाणली. सगळा बाजार बघत होता. कुणी मध्ये पडलं नाही.

त्यानंतर गिऱ्हाईक जे तुटलं ते तुटलंच. भारतने दुकानाला कुलूप घातलं आणि जालन्याला सळईच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. ज्याच्या हाताखाली चार पोरं शिकली, तो दुसऱ्याला पाने उचलून द्यायला लागला. बोलणंच कमी झालं त्याचं. एका दुपारी कारखान्याच्या गाडीतून त्याला घरी आणलं, ते आडवाच. छातीत कळ आली म्हणे. डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत, द्वारकाबाईला विचाराल तर ती चप्पलच त्याच्या छातीत अडकून बसली होती.

मग तिने कुलूप काढलं. इतकी वर्षं पाने हातात देता देता काम तिच्या हातात उतरलंच होतं. बाईमाणूस काय पंप खोलणार म्हणून हसणारे हसले आणि नडले तेव्हा मुकाट्याने आले. फक्त रखमाजीचा पंप कधी आला नाही. आज आला.

तिने तो नीट दुरुस्त केला. वायसर बदलले, सील नवं घातलं, पिंपावर लावून चालवून बघितला. एरवी यानंतर ती गोळा रिता करायची. आज तिने पंप आडवा केला, गोळा पाण्याने काठोकाठ भरला आणि नट लावला. मग पान्याला पाइपाचा तुकडा अडकवला आणि अंगात होतं तेवढं बळ लावून आवळला. आवळ, आणखी आवळ. एक डोळा गेला, एक राह्यलाय. फवारणीची गन रखमाजी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. बघू दे त्याला आंधळ्याचं जग, आणि मग मार म्हणावं चप्पल!

“बराबर चालंल ना, काकू?” संध्याकाळी कल्याणने विचारलं.

“चालंल की. न चालायला काय झालं?”

त्या रात्री तिला इतकी गाढ झोप लागली की सकाळी तिचं तिलाच नवल वाटलं.

सकाळी ती दुकान झाडत होती, तेवढ्यात शेजारची पुष्पाबाई लगबगीने समोरून निघाली. डोक्याला फडकं, अंगात नवऱ्याचा जुना सदरा. दोघी एकाच वर्षी या गल्लीत लग्न होऊन आल्या होत्या. भारत गेला तेव्हा तेरा दिवस द्वारकाबाईच्या घरची चूल पुष्पाबाईनेच पेटवली होती.

“कुठं गं इतक्या सकाळी?”

“फवारणीला. रखमाजीच्या मोसंबीत. तुला आवडायचं न्हाई, पण हजेरी सोडून कसं भागंल बाई?”

“तू? फवारणीला? गन तर तो सवता धरतो!”

“कुठलं आलंय! त्याच्या हाताला कंप सुटलाय आता. तो इंजिनापाशी बसून राहतो, गन माझ्याकडंच असती. चल, येते, उशीर होऊन राह्यला.”

पुष्पाबाई गेली. द्वारकाबाईच्या हातातला झाडू गळून पडला. हाक मारून सांगायचं तरी काय? नट मी आवळलाय म्हणून? ती उंबऱ्यावर बसून राहिली. मग डोळ्यांपुढे पुष्पाचा चेहरा आला, त्यावर ती निळी धार आली, आणि ती तशीच उठून पळत सुटली. दुकान उघडं टाकून, पायात चप्पल नाही. वाटेतल्या नदीच्या वाळूत दोनदा पडली. देवा, फुटू देऊ नको, एवढ्यापुरतं फुटू देऊ नको, असं बडबडत धावत राहिली.

मोसंबीच्या बांधावर येईपर्यंत इंजिन सुरू झालेलं होतं. तिने कान दिला आणि ती जागीच थबकली. धक्का नव्हता. पंप एका लयीत चालला होता. पाइप झाडांमधून मातीवर गपचिप पडलेला होता, दूरवर पुष्पाबाई गन धरून फवारत होती आणि धार बघावी तर कुठे तुटत नव्हती.

रखमाजी विहिरीपाशी उलट्या बादलीवर बसला होता. शेजारी चपट्या काळ्या दगडावर पंप. द्वारकाबाई जवळ गेली. काटा स्थिर होता. आणि गोळ्याच्या नटाखाली, बरोब्बर खाली, दगडावर भाकरीएवढा निळा डाग होता. वर आजचं पाणी अजून ओलं होतं. एका दिवसात असा डाग पडत नाही. रोज सकाळी त्याच जागी मोरचुदाचं उरलंसुरलं पाणी ठिबकल्याशिवाय दगड असा निळा होत नाही.

तिला सगळं कळलं. पुष्पा वाचली म्हणून जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी अंगाचा नुसता भडका उडाला.

“रोज उघडता,” ती म्हणाली.

रखमाजीने एका डोळ्याने तिच्याकडे बघितलं. “नट लई आवळला होता, द्वारकाबाई. कल्याणला लोंबकळावं लागलं.”

“मीच आवळला. गोळाबी मीच भरला. तुमचा दुसरा डोळा जावा म्हणून.”

“पुष्पाचा गेला असता.”

“म्हणून तर पळत आले. तुमच्यासाठी चालतसुद्धा आले नसते!” तिचा आवाज चिरकला. “आता मला सांगा, रोज सकाळी नट उघडायचा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

रखमाजीचे ओठ हलले. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. तिने वाकून इंजिन बंद केलं. मोसंबीत एकदम शांत झालं.

“आता म्हणा.”

तो दगडाकडे बघत हळू आवाजात म्हणाला, “हे बघा, तुमचं मी कुणाला सांगत न्हाई. माझं तुम्ही राहू द्या. झालं गेलं.”

“झालं गेलं? माझं माणूस गेलं! आणि माझं झाकायला तुमची कशाला गरज?” ती वळली. धार का थांबली बघायला पुष्पाबाई येतच होती. द्वारकाबाईने तिला तिथेच, रखमाजी आणि कल्याणच्या देखत सगळं सांगितलं. गोळा कसा भरला, नट कसा आवळला, रात्री झोप कशी लागली, काही ठेवलं नाही.

पुष्पाबाईने गन खाली ठेवली. फडक्याने तोंड पुसलं, परत पुसलं. “माझ्या तोंडावर, व्हय गं?” एवढंच म्हणाली आणि आपली पाण्याची बाटली उचलून घराकडे निघाली.

द्वारकाबाईला वाटलं आपण इथेच खाली बसावं आणि रडावं. पण त्या माणसासमोर नाही. तिने पदर खोचला. “कल्याण, पंप बाजूला घे. हा दगड मला पाहिजे.”

“दगड?”

“माझ्या दुकानापुढं आणून टाक.”

कल्याणने बापाकडे बघितलं. पोराने पंप उचलून विटांवर ठेवला आणि दगड गाडीवर चढवला.

दगड उंबऱ्याच्या बाहेर बसवला, भारतला मारलं होतं त्याच जागी. दुरुस्तीला आलेला पंप ती त्याच्यावरच ठेवायला लागली. लोक विचारायचे, हा निळा दगड कुठला? ती म्हणायची, “रखमाजीला विचारा.” रखमाजीला कुणी विचारत नव्हतं. तो दुकानावरून जाताना गेलेल्या डोळ्याची बाजू इकडे करून जायचा. आणि पुष्पाबाई तिच्याशी बोलत नव्हती. भिंतीला भिंत लागून, पण आवाज नाही. तेच तिला जास्त खात होतं.

मग बाजाराचा दिवस आला. समोर वांग्या-मिरच्यांचे ढीग लागले, रस्ता माणसांनी फुलला. द्वारकाबाई दगडावर कुणाचा तरी पंप ठेवून बसली होती. रखमाजी पिशवी घेऊन नेहमीसारखा पलीकडच्या कडेने चालला होता.

“ओ आबा!” भाजीच्या ढिगापाशी उभ्या असलेल्या पुष्पाबाईने मोठ्याने हाक मारली. “हा दगड कुठला वो? ही बाई म्हणती, तुम्हाला विचारा.”

आसपासची माणसं वळली. रखमाजी थांबला. निघून जावं असं त्याच्या मनात आलेलं सगळ्यांना दिसलं. पण पुष्पाबाई कंबरेवर हात ठेवून रस्त्यातच उभी होती.

“माझ्या हिरीवरला,” तो म्हणाला.

“निळा कशानं झाला?”

“गोळ्याचं पाणी... रोज काढतो मी.”

“कुणी सांगितलं काढायला? मोठ्यानं बोला, मला कमी ऐकू येतं.” पुष्पाबाईचे कान ठणठणीत होते.

रखमाजीने एकदा बाजारावरून नजर फिरवली. “भारत मिस्त्रीनं,” तो म्हणाला. मग घसा खाकरून परत म्हणाला, “भारत मिस्त्रीनं सांगितल्तं. डोळा जायच्या आधी सांगितल्तं. मीच केलं न्हाई.”

मिरचीवाल्याने हातातला तराजू खाली ठेवला.

द्वारकाबाईने मान वर केली नाही. आपण माफ केलं म्हणावं म्हणून तो वाट बघत असेल तर बघू दे, ते त्याला मिळणार नव्हतं. तिने समोरच्या पंपाचा नट सोडला. पाणी निळ्या दगडावर ठिबकायला लागलं, आणि गोळा पुरता रिता होईपर्यंत ती हातात नट धरून बसून राहिली.