पत्रावळीचा भाव

"शमीमताई, करा ना सही. माल पर्यावरणपूरक आहे, प्रमाणपत्र जोडलंय. अजून काय हवं?" साहेब उभ्या उभ्याच म्हणाले.

मळवलीजवळच्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात शमीम एकोणीस वर्षं भांडार लिपिक होती. डोंगरातल्या शिबिरांना थर्माकोलच्या ताटल्या बंद झाल्या, हे तिला मनापासून पटलं होतं. पण प्रमाणपत्राच्या अटीमुळे निविदा एकाच कंपनीची आली होती, ताटलीमागे साडेचार रुपयांची. आणि 'पुरेशी स्पर्धा झाली' या ओळीखाली तिची सही हवी होती.

"साहेब, शर्यतीत एकटाच धावला. पहिला आला म्हणून मी कसं लिहू?"

"मग आणा दुसरा कुणी!"

रविवारी ती आंदर मावळात गेली. एसटीतून उतरून तासभर चालली. तिथे कस्तुराबाई आणि गावातल्या अकरा बाया लग्नकार्यांसाठी पळसाच्या पत्रावळ्या लावत.

"आमच्या पत्रावळीला कागुद कुटला, बाई?" कस्तुराबाई हसल्या. "झाडाचं पान हाय त्ये."

शमीमने एक पत्रावळ आणली. ती आणि कंपनीची ताटली, दोन्ही केंद्राच्या स्वयंपाकघरामागे मातीत पुरल्या. रोज पाणी घातलं. दोन महिन्यांनी साहेबांसमोर तिने स्वतः फावडं चालवलं. पत्रावळीचा चुरा झाला होता. ताटलीचाही.

"दोन्ही मातीत मिसळतात, साहेब. कंपनीचा माल खोटा नाही. पण अट कागदाची नको, मातीची ठेवा."

साहेबांनी वाकून चिमूटभर माती बोटांत चोळून पाहिली. त्याच दिवशी त्यांनी वरच्या कार्यालयाला लिहिलं. नवी अट मंजूर झाली: प्रमाणपत्र, नाहीतर केंद्रात घेतलेली चाचणी.

निविदा भरायला कस्तुराबाई स्वतः आल्या. चाचणीत माल पास झाला होता.

"बाई, भाव किती लिवू?" त्यांनी हळूच विचारलं.

शमीमच्या डोळ्यांसमोर त्या बारा जणींची बोटं आली. "मावशी, तेवढं मला विचारू नका. मी सांगितलं तर तुमचा खरा भावही खोटा ठरेल."

कस्तुराबाईंनी मान डोलावली आणि आपल्या हिशेबाने आकडा लिहिला.

या वेळी पाकिटं तीन निघाली. कस्तुराबाईंचा भाव सव्वादोन रुपये होता. साडेचार मागणारी कंपनी दोन रुपये दहा पैशांवर आली होती.

शमीमने 'पुरेशी स्पर्धा झाली' या ओळीखाली सही केली. मग बाहेर व्हरांड्यात थांबलेल्या कस्तुराबाईंना तिने सगळे भाव सांगितले, आणि काम कंपनीला गेल्याचंही.

कस्तुराबाईंनी विचारलं, "म्हंजी आमी आलो नसतो तर त्यो साडेचारच घेनार हुता?"

"हो."

"आन् आमी आलो म्हनून निम्म्यावर आला?"

"निम्म्याहूनही खाली, मावशी."

"मग पुढल्या साली बी कळवा. आमी येनार."

त्यांनी पदराची चुंबळ केली, नमुन्याला आणलेल्या पत्रावळ्यांचा भारा डोक्यावर घेतला आणि ताठ मानेने फाटकाबाहेर पडल्या. त्या वळणाआड जाईपर्यंत शमीम उभीच होती.