हेमकांतचा आवाज

“वहिनी, भाऊले फोन देतस का?” गजालाने विचारले.

“आत्तेच मझार ली ग्यात,” पलीकडून शीला म्हणाली. “दुपारलोंग ऑपरेशन चाली सांगतस. का वं?”

गजालापुढच्या टेबलावर काड्यापेटीहून थोडी मोठी, काळी एसएसडी ड्राइव्ह पडली होती. “काही नही,” ती म्हणाली, “सहजच करा फोन.”

शीलाचा नवरा हेमकांत नवापूर डेपोत कंडक्टर. घशाच्या कॅन्सरमुळे सुरतेत त्याचे स्वरयंत्र काढणार होते. निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने गजालाला घरी, खांडबाऱ्याला बोलावून घेतले. त्याच्या लग्नाचे शूटिंग तिनेच केले होते. “मन्ही मोहिनी धाकली शे,” तो म्हणाला. “तिले मन्हा आवाज याद ऱ्हावाव नही. कॅमेरामा भरी ले.”

गजाला नंदुरबारला वडिलांचा, वाहिदचा स्टुडिओ चालवायची. गेल्या वर्षी तिने जुना डिजिटल सिनेमा कॅमेरा घेतला होता. त्याचे चित्रण इतके जड, की साधे कार्ड पुरत नसे. चित्रण साठवायला कॅमेऱ्याच्या बाजूला ही एसएसडी ड्राइव्ह अडकवून वायरने जोडावी लागे. आत फिरणारे काही नाही, त्यामुळे बिघडायचेही काही नाही, असे दुकानदाराने सांगितले होते. लग्नसराईचा अख्खा उन्हाळा तिने त्या भरवशावर काढला.

हेमकांत ओसरीवर बसून बोलला. मोहिनी जन्मली त्या दिवशी तो शेवटच्या गाडीवर ड्यूटीला होता, आणि बातमी कळल्यावर सबंध गाडीने टाळ्या वाजवल्या, ते त्याने सांगितले. मध्येच हसला, खोकला, पाणी प्याला, पुन्हा बोलला. आवाज बसलेला होता, पण त्याचाच होता. निघताना गजालाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर थोडे लावून पाहिले. चित्र, आवाज, सगळे नीट होते.

त्या रात्री आणि दुसरा सबंध दिवस स्टुडिओत वीज नव्हती, म्हणून कॉपी तिसऱ्या दिवसावर, ऑपरेशनच्या सकाळवर राहिली. सकाळी कॉम्प्युटरला ड्राइव्ह दिसेना. तिने वायर बदलली, कॉम्प्युटर बदलला, पुन्हा कॅमेऱ्याला लावून पाहिली. कॅमेराही ड्राइव्ह नाही म्हणाला. तेव्हा तिने शीलाला तो फोन केला. जुनी हार्ड डिस्क जायच्या आधी आठवडाभर खडखडायची, माणूस सावध व्हायचा. ही गेली ती काही न कळवता. शेजारी साधा मोबाइल ठेवून आवाज घेतला असता तरी चालले असते, हे तिच्या मनातून जाईना.

“टेप टूटती थी तो जोड़ लेते थे,” वाहिद म्हणाला. “इसमें क्या जोड़ेगी, बेटा?”

तिने ड्राइव्ह सुरतेला डेटा काढणाऱ्याकडे पाठवली. त्याने बरेच दिवस लावले आणि शेवटी फोन केला. चित्रण आतल्या चिपांमध्ये आहे, पण ते वाचणारी मुख्य चिपच मेली. तिच्याशिवाय ते चित्रण म्हणजे नुसता कचरा. निघणार नाही.

नवापूरला हळदीच्या शूटिंगला जाताना गजाला खांडबाऱ्याला उतरली.

हेमकांत खाटेवर बसला होता. गळ्याला श्वासासाठी केलेले भोक, त्यावर जाळीचे फडके. त्याची आई कौसाबाई मोहिनीला मागच्या दारी खेळवत होती. गजाला उभ्यानेच बोलली. सगळे, पहिल्या सकाळच्या फोनपासून.

“मंग त्या दिनले तू काही नही म्हणनी?” शीलाने विचारले.

“ते ऑपरेशनले मझार ग्या व्हतात, वहिनी. काय सांगू?”

हेमकांतने गजालाच्या पिशवीकडे बोट केले आणि ओठ हलवले.

“कॅमेरा लाव सांगस,” शीला म्हणाली.

“भाऊ, आवाज तर...”

त्याने शीलाचा हात धरून तिला शेजारी बसवले.

गजालाने कॅमेरा लावला, मोबाइलही चालू करून खाटेवर ठेवला. हेमकांतचे ओठ हलू लागले. शीला त्याच्या तोंडाकडे बघत एकेक शब्द उचलू लागली. “मोहिनी... तू उनी त्या दिनले... मी गाडीवर व्हतू.” ती चुकली की तो खाटेवर हात आपटायचा, पुन्हा सांगायचा. टाळ्यांचे तिला कळेना, तेव्हा त्याने हळूच दोन्ही हात वाजवून दाखवले.

पुढे “मी ऱ्हावाव नही तवय तू...” एवढे बोलून शीला थांबली.

त्याने हात आपटला. तेच ओठ पुन्हा हलले.

“समजनं मले,” ती म्हणाली. “पन मी नही बोलाव ते.”

त्याने आणखी एकदा सांगितले, सावकाश, सरळ कॅमेऱ्याकडे बघत. शीलाने पदर तोंडाला लावला. गजालाने कॅमेरा बंद केला नाही. हेडफोनमध्ये गळ्याच्या फडक्याआडून येणारा वारा तेवढा ऐकू येत होता, वाक्याएवढा लांब, आणि मग थांबलेला.