मेव्हिसच्या उतारावरची गांडुळं

ओढ्याकाठच्या उतारावर पाय आपटला की खालून गुडगुड ऐकू यायची, मोरीतून पाणी ओढलं जावं तशी. दोन हात लांब, अंगठ्याएवढी जाड गांडुळं ती. ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडच्या या टेकड्यांबाहेर जगात कुठे नाहीत. मेव्हिस लग्न होऊन आली, तेव्हा सासऱ्यानं तिला गोठ्याच्याही आधी हा आवाज ऐकवला होता. तेव्हापासून दूध काढून परतताना उतारावर बूट आपटायचा, हा तिचा नेम.

त्या शनिवारी चर्चच्या विक्रीला घरी भाजलेले स्कोन-पाव पोचवून ती परतली, तर उतारावर पिवळं खोदयंत्र! अर्ध्यापर्यंत चर पडलेला आणि त्याच्या कडांतून तुटकी गांडुळं लोंबतायत.

"रॉस!"

लेक खिशात हात घालून काठावर उभा. "ओरडू नकोस आई. गायी रुततात इथं. पाणी काढून दिलं की जमीन सुकेल."

"ओल आहे म्हणून तर ती इथं आहेत, गाढवा! आणि मुहूर्त बरा मिळाला, आई घरात नसतानाचा."

"अगं, गांडुळंच ना? एकाची दोन होतात."

"मग तुझे करून बघते दोन. एक तरी कामाचा निघेल!"

यंत्रावरचा डॅरिल फिसकन हसला.

"तू कशाला दात काढतोस? किल्ली दे इकडं."

"मेव्हिसकाकू, मला रॉसनंच बोलावलं..."

"जमीन माझ्या नावावर आहे. त्याच्या नावावर नुसता मूर्खपणा."

डॅरिलनं यंत्र बंद करून किल्ली दिली.

"आणि गायींचं काय?" रॉस धुसफुसला.

"कुंपण घाल. गायींना पाय आहेत, दुसरीकडे चरतील. ह्यांनी कुठं जायचं?" तिनं चरातून एक तुकडा उचलला. तो तिच्या तळव्यावरच लुळा पडला. तिनं तो लेकाच्या हातावर ठेवला. "धर. बघ झालीत का दोन. आता फावडं घे आणि चर बुजव. यंत्राचं चाक पुन्हा या ओल्या मातीवर नको. बुजेपर्यंत तुझं ताट मांडणार नाही मी."

रॉस माती ओढू लागला. मेव्हिस न खोदलेल्या अर्ध्या भागावर गेली. बूट आपटला. काही नाही. चार पावलं पुढं जाऊन पुन्हा आपटला. काहीच नाही. पार कुंपणापाशी जाऊन तिनं असा बूट हाणला की गुडघ्यातून कळ गेली.

खालून, खोलवरून, गुडगुड.

"आला का आवाज?" रॉसनं लांबून विचारलं.

"तू माती भर," मेव्हिस म्हणाली.