करंटबाबाची सीलबंद पेटी

पंपाच्या खोलीबाहेर अख्खी वसाहत जमली होती. कुणी बादल्या घेऊन आलं होतं, कुणी पिंपं, म्हातारी मंडळी तर खुर्च्या टाकून बसली होती. पंपाची तीन फेजची केबल जळून सतरा दिवस झाले होते. घरांत दिवे-पंखे चालू, नळ मात्र कोरडे. अशा वेळी करंटबाबा अवतरला.

"वीज म्हणजे तीन बहिणी," तो सांगत होता. "दोघी रुसून गेल्या. एकटीच्यानं पंप ओढवत नाही. मी तिच्या कानात सांगतो, ती दोघींना घेऊन येईल."

विजेला कान कुठे असतो, हे कुणी विचारलं नाही.

पंप चालवणारा माझा दादा. त्याचं घर खोलीला लागूनच. तिथून बाबानं वायर ओढून घेतली. दोन शिष्यांनी चादर धरली, आड बरीच खुडबुड झाली. चादर हटली तेव्हा मोटरीवर एक सीलबंद पितळी पेटी होती. बाबानं डोळे मिटले आणि दादानं बटण दाबलं. पंप घरघरला, टाकीत पाणी पडायला लागलं. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दादानं बाबाचे पाय धरले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आत काय असणार ते मला तिथंच कळलं होतं. संध्याकाळी दादाला म्हटलं, "त्यात कपॅसिटर असेल. पंख्यात असतो तसाच, फक्त मोठा."

"मग सतरा दिवस काय करत होतीस, मास्तरीणबाई?" तो हसला.

"उघडून तर बघ."

"उघडली तर बहिणी परत जातील म्हणालेत. चाळीस घरांना पाणी मिळतंय. कशाला मोडता घालतेस?"

मी गप्प बसले. दोन बादल्या भरून घरी घेऊन गेले.

आठवडाभरानं फ्यूज उडायला लागला. मोटर हात लावला तर चटका बसेल इतकी तापायची. दादानं पुन्हा बाबाला बोलावलं. मोटरीवरून जमिनीत गेलेली हिरवी वायर बाबानं बघितली. "शक्ती इथून मातीत मुरतेय," म्हणाला आणि ती कापायला लावली. फ्यूज उडायचा थांबला. वहिनीनं कौतुकानं मला फोन केला. मी पेपर तपासत होते. "हो का," म्हणाले आणि पुढचा पेपर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गळती बघायला ओल्या फरशीवर अनवाणी वाकला. त्याचा हात मोटरीला चिकटला. वहिनीनं धावत जाऊन मेन स्विच पाडला, पण तोवर सगळं संपलं होतं.

चौथ्या दिवशी बाबा भेटायला आला. "शंका घेणारं माणूस याच घरात होतं," तो माझ्याकडे बघत म्हणाला. लोकही माझ्याकडे बघायला लागले.

मी उठले. सगळे मागोमाग पंपाच्या खोलीत आले. मेन बंद असल्याची खात्री करून मी पेटीचं सील तोडलं. आत एक काळा डबा, त्याला दोन तारा, वर कारखान्याचा छाप.

"या मोटरीला एकामागून एक तीन धक्के लागतात," मी म्हणाले. "घरच्या विजेत एकच असतो. हा डबा त्याच विजेचा काही भाग मागेपुढे करून तिसऱ्या तारेवर पाठवतो. मोटर फिरते, पण तिची ताकद कमी पडते. भार तेवढाच ठेवला की ती तापते. आतल्या तारांचं आवरण जळालं आणि वीज मोटरीच्या लोखंडात उतरली. हिरवी वायर ती जमिनीत नेत होती, म्हणून फ्यूज उडत होता. तो उडत होता म्हणून दादा जिवंत होता."

"सगळंच विज्ञानानं कळत नसतं," बाबा म्हणाला.

मी हिरवी वायर जोडली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि स्विच टाकला. फ्यूज उडाला. नवा घातला, तोही उडाला. बाबा मागच्या मागे सटकायला बघत होता. समोरच्या घरातल्या गवंड्यानं वसाहतीचं फाटक लावून घेतलं आणि पोलिसांना फोन केला.

घरी आल्यावर वहिनीनं विचारलं, "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि ती वायर कापली म्हणून मी सांगितलं तेव्हा?"

मी मान खाली घातली. वहिनी आत निघून गेली. आजही ती मला पाणी विचारते, चहा देते, पण बोलत नाही. तिचं चुकतंय असं मला वाटत नाही.

दरवर्षी वर्गात मी मोटर शिकवते तेव्हा मुलांना दादाची गोष्ट सांगते. जो उघडू नका म्हणेल, त्याच्यासमोरच उघडून बघा. मोटर का फिरली, फ्यूज का उडाला, हे विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आणि उत्तर माहीत असेल तर एकदा सांगून गप्प बसू नका. आपलं माणूस हसलं, चिडलं तरी त्याचा हात धरून पुन्हा सांगा.