कोट अजून झाला नाही

शिलाईवाल्या मावशींचा हात सोन्याचा, पण तारखेच्या बाबतीत सगळा आनंदीआनंद. त्यांनी "उद्या देते" म्हटलं की गिऱ्हाइकानं खुशाल पुढचा महिना धरावा.

एकदा समोरच्या इमारतीतल्या नर्सनं जुना कोट पुढे केला आणि अस्तराच्या आत काही कागद शिवून ठेवा म्हणाली, तेव्हा मावशी चक्रावल्या. मग नर्सनं बाही वर केली. दंडावर नवऱ्याच्या बोटांचे चार काळेनिळे डाग होते. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्ताच्या आत्ता नीघ, पोरीला घे आणि माझ्याकडे ये, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

नर्सनं नकारार्थी मान हलवली. मागे एकदा ती अशीच तडकाफडकी निघाली होती, तर त्यानं बसस्टॉपवरून फरफटत आणलं होतं. या खेपेला महिला केंद्रातल्या ताईंपाशी बसून तिनं सगळं स्वतः ठरवलं होतं. त्याची दिवसपाळी लागेल त्या गुरुवारी बहिणीकडे जायचं. तोवर कागद आणि दाराची जादा किल्ली घराबाहेर हवी, कारण घरातलं कपाट न कपाट तो उचकायचा.

"पण माझ्याकडेच का गं?"

"तुमच्याकडचा कपडा दोन महिने आला नाही, तरी कुणाला नवल वाटत नाही, मावशी."

मावशींना हे चांगलंच झोंबलं. पण खरं ते खरं. त्यांनी कागद आणि किल्ली अस्तरात शिवली आणि कोटाची एक बाही मुद्दाम उसवून ठेवली.

तिसऱ्या आठवड्यात नवराच दारात उभा. बायकोच्या पर्समध्ये पावती सापडली होती. कोट समोरच खुंटीवर. चार शब्द सुनावावेत असं मावशींच्या जिभेवर आलं होतं, पण त्याला नुसता वास लागला तरी मार तिलाच बसणार.

"झाला नाही हो अजून," त्या लोंबती बाही दाखवत म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात नक्की."

त्यानं दुकान डोक्यावर घेतलं. आळशी, लबाड, कामचुकार. मावशी बाहीला टाचण्या लावत राहिल्या आणि तो गेल्यावर तांब्याभर पाणी प्यायल्या.

ठरल्या गुरुवारी नर्स पोरीचा हात धरून आली. मावशी पहाटेच दुकान उघडून बसल्या होत्या. बाही जोडलेली, इस्त्री केलेली, तुटकं बटणसुद्धा लावलेलं. नर्सनं कोट अंगात घातला, अस्तर चाचपलं.

"वेळेवर दिलात की, मावशी."

"चल नीघ, बस चुकेल," मावशी म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.