येथे खेळू नये

मी पाटी बोलतेय. हो, तीच, सोसायटीच्या फाटकाशेजारची पिवळी. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरावी अशी मला ठोकली आहे, पण माझ्याकडे बघतंय कोण?

आधी मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण होते. टाकी बदलली तेव्हा वॉचमनने मला उचलून आपल्या खोलीत ठेवलं. पुढे एकदा चेंडू लागून सेक्रेटरीसाहेबांच्या गाडीचा आरसा फुटला आणि त्याच संध्याकाळी माझ्या अंगावर लाल अक्षरं उमटली, 'मुलांनी येथे खेळू नये.' वॉचमनचं अक्षर मुळातच वळणदार, त्यात चेंडू त्याच्याच मुलाचा, म्हणून त्या दिवशी जरा जास्तच मन लावून काढलं.

मुलगा रंगाचा डबा धरून उभा होता. "मग आम्ही कुठं खेळायचं?"

"कुठंही जा. इथं नको. माझी नोकरी घालवशील."

पोरगं ऐकणारं. गेलं कुठंही. एवढ्या मोठ्या शहरात त्याला जागा मिळाली ती पुलाखाली, बंद पडलेल्या गाड्यांच्या मागे. तिथल्या मोठ्या मुलांनी त्याला हाकललं नाही. अंगाने काटकुळा, दुकानाच्या झरोक्यातून आत शिरायला अगदी सोयीचा. पहिल्यांदा शिरला तेव्हा त्यांनी त्याची पाठ थोपटली. आमच्या आवारात ती कुणी कधी थोपटली नव्हती.

व्हायचं तेच झालं, पकडला गेला. हवालदार चौकशीला आला. इमारतीतल्या कुणी मुलाबद्दल चार चांगले शब्द लिहून दिले तर समज देऊन सोडतील, म्हणाला. वॉचमन हात जोडून उभा. मला वाटलं, देईल कुणीतरी. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेलं पोर ते.

"शहराची हवा लागली, दुसरं काय," सेक्रेटरीसाहेब माझ्यावर हात टेकून म्हणाले.

"हवेला कशाला नावं ठेवता? पोरांना आपण जागाच कुठे ठेवली?" तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई बोलल्या. मला फार बरं वाटलं.

"मग द्या ना तुम्ही लिहून."

बाईंना गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. त्या वर गेल्या त्या गेल्याच.

मुलगा सुधारगृहात गेला. वर्षाने परत आला तो उंच होऊन आणि बोलणं विसरून. तोवर उन्हाने माझी अक्षरं विटली होती. ती उजळून घ्या, असं सेक्रेटरीसाहेबांनी फर्मावलं.

आज सकाळी वॉचमन ब्रश घेऊन आला, मुलगा डबा धरून उभा राहिला. 'मुलांनी येथे' एवढं झालं आणि बापाचा हात थांबला.

"जा, खेळ थोडा," तो हळूच म्हणाला. "कोण काय म्हणतं ते मी बघतो."

मुलाने रिकाम्या आवाराकडे पाहिलं. "नको बाबा. आता काय खेळायचं?"

बापाने उरलेले दोन शब्द लिहिले. मान वर केली नाही.

आता माझी अक्षरं रस्त्यापलीकडूनही वाचता येतात. कुणाला लाज वाटलीच तर मला इथून उतरवा आणि पुन्हा एखाद्या टाकीवर ठेवा. तिथे मी निदान पाणी तरी स्वच्छ राखत होते.